भट्टीचं लॉगशीट: दर तासाला हाताने रीडिंग लिहायची खरंच गरज आहे का?

नवा_निखारा
मंडळी, थोडा वैताग काढायला आणि थोडं विचारायला हा धागा काढतोय.

सात महिने झाले, मी हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर ऑपरेटर आहे. जाळीच्या पट्ट्याची, सतत चालणारी हार्डनिंगची भट्टी. विजेवर चालते, चार झोन, शेवटी तेलाची टाकी. बोल्ट एका तोंडातून लाईनीत आत जातात, ८६० अंशांपर्यंत तापतात आणि दुसऱ्या टोकाला धपाधप तेलात पडतात. काम आवडतं. वैताग एकाच गोष्टीचा आहे, लॉगशीट.

दर तासाला १४ रकाने. चार झोनची तापमानं, तेलाचं तापमान, पट्ट्याचा वेग, वायूंचे प्रवाह वगैरे. पॅनलवर रेकॉर्डर बसवलेला आहे आणि तो हेच आकडे दर १० सेकंदांनी साठवतो. मग मी पेनाने ८६०, ८६१, ८६०, ८५९ का लिहीत बसायचं? आकडा हलतच नाही. आमचे एक सीनियर तर पाळी संपायच्या आधी पंधरा मिनिटांत आठही तासांचं भरून मोकळे होतात. तेही दोन वेगवेगळी पेनं वापरून, खरं वाटावं म्हणून.

सुपरवायझरना विचारलं तर म्हणाले, "पहिल्यापासून आहे." हे काही कारण झालं का?

राखुंडी
दोन पेनं! कलाकार माणूस आहे. आमच्याकडे एकाने पेनही बदललं, मध्येच अक्षरही तिरकं काढलं, पण वीज गेलेल्या तासातसुद्धा चारही झोन ८५० लिहून ठेवले. ऑडिटरने शांतपणे विचारलं, "या तासात भट्टी कशावर चालली होती?"

दोन_ओळी
पहिल्यापासून आहे म्हणून चालू आहे. संपला धागा.

जुनी_वीट
नवा_निखारा, प्रश्न चांगला आहे. सीनियरचं मात्र अनुकरण करू नकोस.

मी मेल्टिंगचा माणूस. इंडक्शन भट्टीवर २२ वर्षं काढली, आता घरी असतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या भट्टीत मधे वितळलेलं लोखंड, त्याभोवती सिलिकाचं लायनिंग आणि त्याच्या बाहेर तांब्याच्या पोकळ नळीची कॉइल. त्या नळीतून सतत पाणी फिरतं. म्हणजे १५०० अंशांचा रस आणि थंड पाणी यांच्यामध्ये हाताच्या वितीपेक्षाही कमी जाडीची भिंत. पाण्याची वाफ झाली की ते साधारण १७०० पट जागा मागतं. ते रसाखाली अडकलं तर काय होतं हे ज्याने एकदा पाहिलंय तो पुन्हा ओला भंगार चार्ज करत नाही.

आमच्या कॉइलला पाण्याचे सहा मार्ग होते. प्रत्येकातून बाहेर येणारं पाणी किती अंशांचं आहे ते मी दर तासाला लिहायचो. रोज ४४, ४५, ४४. तुझ्यासारखाच वैतागायचो. एका रात्रपाळीत चौथा मार्ग ४६ दिसला. पुढच्या तासाला ४८, मग ५०. बाकीचे पाच होते तिथेच. अलार्म ६० वर लावलेला, म्हणजे पॅनलच्या हिशोबाने सगळं आलबेल. हीट (भट्टीतला तयार रस) काढली, पॉवर बंद केली आणि त्या मार्गाचा होज सोडवला. आतल्या रबराचा पापुद्रा सुटून तोंडाशी येऊन बसला होता. नखाएवढा तुकडा. तसंच चालू ठेवलं असतं तर कॉइलचा तो भाग तापत गेला असता आणि पुढचं मी लिहीत नाही.

पाच मार्ग जागेवर आणि एकच सरकतोय, हे ओळीत लिहिलेले आकडे समोर होते म्हणून दिसलं. नुसतं बघून गेलो असतो तर ४८ हा आकडा मला काही बोलला नसता.

क्लिंकर
जुनी_वीट, अनुभवाबद्दल आदर आहे, पण हे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. सहा मार्गांचा ट्रेंड स्क्रीनवर असता तर चौथी रेघ वर जाताना पहिल्या पंधरा मिनिटांत दिसली असती. तासभर थांबावं लागलं नसतं.

मी सिमेंटच्या फिरत्या भट्टीवर आहे, कंट्रोल रूममध्ये. आमच्याकडे कुणी पेनाने काही लिहीत नाही. भट्टीच्या ड्राइव्हचा अँपिअर, मागच्या टोकाचे वायू, कवचाचा स्कॅनर, सगळं स्क्रीनवर. जळणाच्या भागात माल १४५० अंशांच्या आसपास असतो, तिथे कोण थर्मोकपल (तापमान मोजणारी तारेची कांडी) घालणार? आम्ही आडून ओळखतो. भट्टी गरम असली की माल चिकट होतो आणि भिंतीबरोबर जास्त वर चढतो, अँपिअर वाढतो. धुरातला नायट्रोजन ऑक्साइड वाढतो. दोन्ही उतरायला लागले की समजायचं, थंड होतेय, आता थोड्या वेळात कच्चा क्लिंकर (सिमेंटसाठी दळायचे भाजलेले खडे) येणार. तासाला एक आकडा लिहून यातलं काही कळत नाही.

जुनी_वीट
बरोबर आहे तुमचं. फक्त एक विचारतो. त्या रेघेकडे रात्री तीन वाजता कोण बघत असतं?

क्लिंकर
मी. आणि डुलकी लागली तर अलार्म. :)

जुनी_वीट
माझा अलार्म ६० वर होता.

राखुंडी
वीट भारी पडली.

पाळीबदल
मी लिहिण्याच्या बाजूचा, पण जरा वेगळ्या कारणाने. मला लिहिण्याने वाचवलं नाही, बुडवलं.

बर्नरची बॉक्स भट्टी होती, फोर्जिंग (ठोकून घडवलेले नग) नॉर्मलाइज करायचो, म्हणजे तापवून हवेत गार करायचो. ९०० ला सोकिंग, म्हणजे त्या तापमानाला मुरवत ठेवायचं. आदल्या दिवशी मेंटेनन्सवाल्यांनी थर्मोकपल बदललं होतं. बदलताना ते पूर्ण आत सरकवलंच नाही. टोक भट्टीच्या पोकळीत यायच्या ऐवजी भिंतीच्या विटेतच राहिलं. ते बिचारं विटेचं तापमान सांगत होतं आणि कंट्रोलर समजत होता, अजून ९०० झाले नाहीत, मार आग.

मी दर तासाला इमानदारीत लिहिलं. ८२०, ८५०, ८६५, ८७२. सुवाच्य अक्षरात. पाळी बदलताना उस्ताद आले, डोकावणीतून एकदा पाहिलं आणि मान हलवली. "ही ९०० ची भट्टी नाही." हातातल्या पायरोमीटरने मोजलं तर १०१०. तापमान हद्दीबाहेर गेलं तर आग तोडणारा, ओव्हरटेंपचा वेगळा कंट्रोलर होता, पण तो कुणीतरी कधीतरी १०५० वर नेऊन ठेवलेला. पूर्ण लॉट धातूचे दाणे वाढून बसला, वर खपल्या. सगळं पुन्हा नॉर्मलाइज करावं लागलं आणि काही नग भंगारात.

नंतर सगळ्यांनी माझीच शीट पुढ्यात ठेवली. एरवी ती भट्टी अडीच तासांत ९०० ला लागते. त्या दिवशी चार तास झाले तरी ८७२. हे माझ्याच हाताने लिहिलेलं होतं. लिहिलं होतं, पण वाचलं नव्हतं.

मातीकाम
पाळीबदल, वाचताना पोटात गोळा आला.

मी कारखान्यातली नाही, सिरॅमिकची छोटी विजेची भट्टी चालवते. आमच्यात यावर जुना उपाय आहे, शंकू. हर्मन झेगर यांनी १८८६ मध्ये हे शंकू प्रचारात आणले. ठरावीक मिश्रणाचा बारका सुळका मालाशेजारी उभा करायचा. पुरेशी भाजणी झाली की तो वाकतो. नुसतं तापमान नाही, तापमान आणि वेळ दोन्हींचा मिळून परिणाम तो दाखवतो, म्हणजे माल जे भोगतो तेच शंकू भोगतो. थर्मोकपल भिंतीपाशी बसून स्वतःचंच सांगतं.

माझा कंट्रोलर आणि शंकू यांचं जमत नाही तेव्हा मी शंकूचं ऐकते. आणि थंड करताना घाई नको, ५७३ अंशांना क्वार्ट्झचं रूप बदलतं, तिथे झाकण किलकिलं केलं की तबकडीला केसासारखी चीर. हे मी पुस्तकातून नाही, सहा तबकड्या फोडून शिकले.

जुनी_वीट
मातीकाम ताई, ५७३ आमच्याही ओळखीचा! नवीन सिलिका लायनिंग पहिल्यांदा तापवताना तिथे हळू जावं लागतं. आमचा एक हेल्पर त्याला "पाचशेत्र्याहत्तरचा गतिरोधक" म्हणायचा.

दोन_ओळी
पण मग उस्ताद नुसत्या रंगावरून तापमान सांगतात ते खरं असतं की भाव खायला?

मातीकाम
थोडं खरं, थोडं भाव. साधारण ५२५ अंशांच्या वर कुठलीही घन वस्तू अंधारात मंद लाल दिसायला लागते, मग ती वीट असो की लोखंड. जॉन ड्रेपर यांनी १८४७ मध्येच हे दाखवून दिलं. पुढे गर्द लाल, चेरी, नारिंगी, पिवळा, पांढरा. पण भर दुपारी शटर उघडं असताना जो रंग मंद वाटतो तोच रात्री झगझगीत दिसतो. डोळा फसतो.

पाळीबदल
उस्तादांचं कौतुक करताना एक राहिलं. ते आकडा सांगत नव्हते. "रोजच्यासारखी नाही" एवढंच सांगत होते. रोज त्याच डोकावणीतून, त्याच वेळेला बघायचे म्हणून ते कळायचं.

सावधान_पुढे
डोकावणीवरून आठवलं म्हणून मध्येच घुसतो. उघड्या डोळ्यांनी वर्षानुवर्षं भट्टीत बघू नका. काच फुंकणाऱ्या कारागिरांना होणारा मोतीबिंदू फार जुना माहितीतला आजार आहे, तो इन्फ्रारेडने होतो. काच निळी आहे म्हणजे इन्फ्रारेड अडलं असंही नाही. निळ्या काचेने ज्योत नीट दिसते, संरक्षणासाठी त्याच कामाचा, श्रेणी लिहिलेला चष्मा लागतो.

दुसरं. गॅस बर्नरवाल्यांनो, ज्योत ओळखणारा सेन्सर सारखा ट्रिप होतो म्हणून त्याला जंपर मारायचा नाही, म्हणजे तार जोडून त्याला फसवायचं नाही. नाही म्हणजे नाही. बर्नर विझला, गॅस येत राहिला, आणि मग कुणीतरी पुन्हा पेटवलं की भट्टीचं दार समोरच्या भिंतीवर असतं. पेटवण्याआधीचा पर्जही कापायचा नाही. आतली हवा निदान चार वेळा बदलली जाईल इतका वेळ ब्लोअर चालायलाच हवा. "आत्ताच तर विझली होती, आत गरमच आहे" ही सबब मी तीन वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकली आहे. सुदैवाने तिघेही हे सांगायला शिल्लक होते.

राखुंडी
साहेब, नाव सार्थ केलंत.

ओलंसुकं
मी लाकूड वाळवण्याच्या किल्नवर असतो. तुमच्या १५०० पुढे आमचे ६०-७० अंश म्हणजे गार वारा, पण माल वाया घालवण्यात आम्ही कुणाला हार जात नाही.

आमच्याकडे दोन तापमानं असतात, कोरडं आणि ओलं. ओल्या थर्मामीटरच्या टोकाला कापडी वात गुंडाळलेली, वात पाण्यात बुडलेली. दोन्हींत फरक जितका जास्त तितकी हवा कोरडी. एकदा वातीवर राळ आणि क्षार बसून ती कडक झाली, पाणी वर चढेना. वात सुकली की ओलं थर्मामीटर कोरड्यासारखंच वागतं, फरक कमी दिसतो. कंट्रोलरला वाटलं, आत फारच दमट आहे. त्याने झडपा उघडल्या. हवा होती त्यापेक्षाही कोरडी झाली आणि तीन दिवसांत फळ्यांच्या अंगावर बारीक चिरा. स्क्रीनवर मात्र सगळं शेड्यूलप्रमाणे!

तेव्हापासून माझी पद्धत एकच. दिवसातून दोनदा आत जाऊन वात बोटाने दाबून बघतो. ओली लागली पाहिजे. आणि नमुन्याच्या फळ्या तराजूवर. वजन खोटं बोलत नाही.

अवांतर: नव्या लोकांना मी सांगतो की या ओंडक्यात ११०% ओलावा आहे तेव्हा ते हसतात.

दोन_ओळी
मीही हसलो. शंभराच्या वर कसा जाईल?

ओलंसुकं
भागिले कोरड्या लाकडाचं वजन, म्हणून. १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये पूर्ण सुकवलेला तुकडा १०० ग्रॅम भरला आणि आधी तो २१० भरत होता, तर पाणी ११० ग्रॅम, म्हणजे ११०%. ताजं लाकूड खरंच इतकं पाणी बाळगतं.

क्लिंकर
वातीचं उदाहरण मान्य. सेन्सरच खोटं बोलत असेल तर ट्रेंडही तेवढाच खोटा. आमच्याकडे त्यासाठी फिरणारा माणूस असतो, तो कवचाच्या बाजूने चालत जातो. स्कॅनरने दाखवायच्या आधी रोलरचा आवाज बदललाय हे त्यानेच मला दोनदा सांगितलंय. तेव्हा कंट्रोल रूमच्या खुर्चीतून सगळं कळतं असं माझं म्हणणं नव्हतं.

अजून एक आठवण. मुख्य ड्राइव्ह बंद पडला तर तापलेली भट्टी सहायक मोटरवर थोडी थोडी फिरवत राहावीच लागते, नाहीतर कवच स्वतःच्या वजनाने वाकतं. एका रात्री आम्ही हेच करत होतो आणि धो धो पाऊस. वरचा भाग झपाट्याने थंड, खालचा गरम. मग थांबून थांबून नाही, सतत फिरवली. पहाटेपर्यंत कुणी कुणाशी बोललं नव्हतं.

घरची_बाजू
तुम्ही सगळे भट्टीबद्दलच बोलताय. आमच्याकडे हे रात्रपाळीवरून आले की दुपारी अंधार करायला खिडकीला जाड पडदा, दाराची बेल बंद, फोन माझ्याकडे. आणि आत घालायचे कपडे सुतीच. एकदा नायलॉन मिसळलेला शर्ट घालून गेले होते, ठिणगी पडली तिथे कापड वितळून कातडीला चिकटलं. डाग अजून आहे.

सावधान_पुढे
वहिनी, हे नवीन भरती होणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवायला हवं. सुट्टीवरून परत आलेल्यालाही. शरीराला उष्णतेची सवय लागायला एक ते दोन आठवडे जातात आणि सुट्टीत ती उतरते. पहिल्याच दिवशी जुन्या जोमाने भट्टीसमोर उभं राहिलं की माणूस कोसळतो.

खटका
उशिरा आलो. मी इन्स्ट्रुमेंटवाला, म्हणजे थर्मोकपल अर्धवट सरकवणाऱ्यांच्या जातीचा. पाळीबदल, माफी असावी. :)

मूळ प्रश्नाकडे या. नवा_निखारा म्हणतो की आकडा हलत नाही. अरे, तो हलूच नये म्हणून तर कंट्रोलर बसवलाय! ८६० सांगितलं की काहीही करून तो ८६० राखणार. एक हीटर गेला तर उरलेल्यांना जास्त राबवेल. दाराची दोरी गळत असेल तर जास्त वीज ओढेल. इन्सुलेशन बसलं तरी तेच. आणि तुझ्या शीटवर ८६०. ज्या दिवशी त्याच्या हाताबाहेर जाईल त्याच दिवशी आकडा पडेल, आणि तोपर्यंत लाईनवर बोल्ट असतील.

म्हणून तापमान लिहू नकोस, आउटपुट लिही, म्हणजे कंट्रोलर हीटरना किती राबवतोय ते. कंट्रोलरवर एक बटण दाबलं की टक्के दिसतात. माझा अंदाज, तुझ्या शीटवर १४ रकान्यांत एकही आउटपुटचा नाही.

नवा_निखारा
नाही. एकही नाही. आज रात्री बघतो.

जुनी_वीट
खटका, वा! आमच्याकडेही हेच, वेगळ्या वेशात. लायनिंग झिजलं की रस कॉइलच्या जवळ येतो आणि त्याच व्होल्टेजला भट्टी जास्त किलोवॅट ओढायला लागते. नवखा खूश होतो की आज भट्टी जोरात चाललीय. जुना म्हणतो, भिंत किती उरलीय ते मोजा.

क्लिंकर
आउटपुट रेकॉर्डरमध्येच टाका ना. परत पेन कशाला?

खटका
टाकाच. पण आधी दोन आठवडे हाताने लिहू दे. नेहमीचा आकडा कुठला हे डोक्यात बसल्याशिवाय अलार्म कितीवर लावायचा ते कोण सांगणार? जुनी_वीट यांचा ६० असाच कुणीतरी हवेतून लावला असणार.

जुनी_वीट
मीच लावला होता. :(

नवा_निखारा
सहा दिवसांनी परत आलोय. ऐका.

पहिल्या रात्री चारही झोनचं आउटपुट लिहिलं. पहिला ७२, कारण थंड माल तिथेच येतो. दुसरा ५१. तिसरा ८३. चौथा ४६. तापमान अर्थातच दुसरा ८६०, तिसरा ८६०. तिसऱ्याचे ८३ बघून वाटलं, असेलही तसंच. दोन दिवस लिहिलं, ८३ चा ८४ झाला, बाकीचे जागेवर.

सीनियरना दाखवलं. तेच दोन पेनंवाले. त्यांनी शीटकडे पाहिलं नाही, सरळ भट्टीच्या मागे गेले, पॅनल उघडायला इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि क्लॅम्प मीटर लावायला सांगितलं. तिसऱ्या झोनच्या तीन फेजपैकी एकात करंट शून्य. हीटरची जोडणी ढिली होऊन जळाली होती, कधीपासून देव जाणे. त्या झोनच्या अर्ध्या भागात कमी उष्णता जात होती आणि थर्मोकपल नेमकं चांगल्या बाजूला. गेल्या महिन्यात काही बोल्ट कडकपणात खाली आले होते तेव्हा तेलाला दोष देऊन झाला होता.

परवा बंद घेऊन दुरुस्ती केली. आता तिसरा झोन ५३.

सीनियर माझ्याशी पहिल्यांदाच नीट बोलले. म्हणाले, "मी आकडे बघत नाही, कारण मला ऐकू येतं." मी विचारलं, मग हे का नाही ऐकू आलं? तर म्हणाले, "आवाजच येत नव्हता ना त्याचा."

पाळीबदल
हा माणूस मला आवडला.

खटका
झकास! ५३ खाली आजची तारीख लिहून ठेव. दर महिन्याला तिथूनच मोज. आणि ते थर्मोकपल पट्ट्याच्या मधोमध कधी हलवताय?

राखुंडी
मूळ प्रश्नाचं काय झालं? रकाने कमी झाले का?

नवा_निखारा
सुपरवायझरना सगळं सांगितलं, खूश झाले. आउटपुटचे चार रकाने आजपासून शीटवर छापून आले. जुने काढायचं विचारलं तर म्हणाले, ते पहिल्यापासून आहेत.

आता १८ आहेत.